सरासरी काढताना या चुका टाळा

दहावीच्या मुलांना मी गणित शिकवते. ‘सगळ्यांची बेरीज करा आणि जितक्या संख्या तितक्याने भागा’ हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं, आणि बरीच उत्तरं चुकतात ती त्यामुळेच. आपण कशाला कशाने भागतोय, हे कोणी पाहतच नाही.

वेगाचं गणित घ्या. गाव 120 किलोमीटरवर आहे. जाताना वेग ताशी 60, येताना ताशी 40. फळ्यावर लिहून होण्याआधीच मागच्या बाकावरून ‘पन्नास!’ येतं. मग मी तास मोजायला लावते. जायला 2, यायला 3, एकूण 5 तास. अंतर 240. म्हणजे सरासरी वेग ताशी 48. हळू चालणारी गाडी रस्त्यावर जास्त वेळ असते, म्हणून उत्तर 40 कडे ओढलं जातं. अंतर सारखं असताना वेगांची अशी निघणारी सरासरी म्हणजे हरात्मक मध्य. पण 2 तास 60 ने आणि 2 तास 40 ने गाडी चालवली असती, तर 50 च बरोबर होतं. तेव्हा सूत्र शोधण्याआधी बघा, दोन्ही वेळा सारखं काय आहे, अंतर की वेळ?

क्रिकेटमध्येही हेच. कसोटीत सचिन तेंडुलकरच्या धावा 15,921 आणि डाव 329. भागाकार करून पाहा, 48.39 येतात. पण त्याची सरासरी 53.78 आहे, कारण 33 डावांत तो नाबाद होता आणि भागायचं असतं ते बाद झालेल्या 296 डावांनी. म्हणून ‘दर डावाला 53 धावा’ हे म्हणणं चूक.

दोन तुकड्यांच्या सरासरींची सरासरीही काढू नका. अ तुकडीत 60 मुलं, सरासरी 70 गुण. ब मध्ये 20 मुलं, सरासरी 50. वर्गाची सरासरी 60 नव्हे, 65. इथे भारित मध्य लागतो, म्हणजे प्रत्येक सरासरीला तिच्या मुलांच्या संख्येने गुणून बेरीज करायची आणि एकूण मुलांनी भागायचं.

टक्केवारीची वाढघट तर चांगल्या शिकलेल्यांनाही फसवते. 10,000 रुपये पहिल्या वर्षी 50 टक्के वाढले, दुसऱ्या वर्षी 40 टक्के घटले. ‘सरासरी 5 टक्के वाढ’ म्हणाल, पण हातात उरले 9,000! इथे बेरीज चालत नाही, गुणाकार लागतो. 1.5 गुणिले 0.6 म्हणजे 0.9, त्याचं वर्गमूळ साधारण 0.949. म्हणजे दरसाल सुमारे 5 टक्के घट. गुणाकार करून मूळ काढल्यावर मिळणारी ही सरासरी म्हणजे भूमितीमध्य.

एखादी संख्या फारच मोठी असेल, तर मध्यकही सांगा, म्हणजे संख्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या. चार कामगारांचे पगार 12, 12, 13, 13 हजार आणि मालकाचे दीड लाख धरले, तर मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, 40 हजार येतो. तेवढा पगार तिथे कोणालाच नाही. मध्यक 13 हजार.

वर्गीकृत सारणीत, म्हणजे 0-10, 10-20 असे वर्ग पाडलेल्या तक्त्यात, सरासरीचं उत्तर चुकलं, तर पूर्ण गणित खोडू नका. वर्गांतर 10 असून उत्तर बरोबर 5 ने कमी आलं, तर तुम्ही वर्गमध्याऐवजी (वर्गाच्या मधल्या संख्येऐवजी) खालची मर्यादा घेतली आहे. गृहीतमध्य पद्धतीत आधी एक मध्य धरून त्यापासूनच्या फरकांची सरासरी काढतात; तिथे गुणांचा मध्य उणे आला, तर शेवटी गृहीतमध्य मिळवायचा राहिला आहे.