पँगाँग की त्सो मोरीरी? लडाखला निघण्याआधी हे ठरवा

लडाखची तिकिटं काढली की घरात वाद सुरू होतो, पँगाँग करायचं की त्सो मोरीरी, आणि मग सगळे मोबाईलवर फोटो बघत बसतात. फोटोत दोन्ही तलाव सारखेच निळे दिसतात हो, त्यावरून काही ठरत नाही. मी दोन्हीकडे राहून आलेय आणि मला विचाराल तर पहिला प्रश्न एकच, रात्री झोपणार किती उंचीवर?

म्हणून आधी वही घ्या आणि कोण कोण येणार त्यांची नावं लिहा, पुढे वय, बीपी, दमा, हार्टचा त्रास जे असेल ते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, पँगाँग ४,२५० च्या आसपास आणि त्सो मोरीरी ४,५०० च्या वर. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका असं डॉक्टर सांगतात, आणि लेहहून थेट गेलात तर दोन्ही तलाव हा नियम मोडतात, फक्त पँगाँग थोडा कमी मोडतो. त्यामुळे पँगाँगसाठी लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस, त्सो मोरीरीसाठी तीन-चार. मधे नुब्रा खोरं केलं तर शरीराला दिवस मिळतात पण तिथलं मुक्कामाचं हुंडर गाव लेहपेक्षाही खाली आहे, तेव्हा उंचीची सवय तिथे होते असं धरून चालू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते घरूनच आपल्या डॉक्टरांना विचारून निघा.

हे एवढं का सांगतेय तर आम्ही आईला, वय ६६, तिसऱ्याच दिवशी पँगाँगच्या काठावरच्या स्पांगमिकला नेलं होतं. संध्याकाळी अगदी छान होती, शाल पांघरून काठावर चहा प्यायली. रात्री एक वाजता उठून बसली, डोकं फुटतंय म्हणाली, उलट्या सुरू झाल्या, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ७४, आणि बाहेर वाऱ्याने तंबूचं कापड फाडफाड वाजत होतं. ड्रायव्हर दादांनी गाडीतला सिलिंडर आणला आणि आम्ही उजाडायच्या आत तिला खाली टांगत्सेला घेऊन आलो, तिथे पोचल्यावर ती स्वतःहून पाणी मागून प्यायली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हेच त्सो मोरीरीला झालं असतं तर? तिथल्या कोरझोक गावाहून पुरेसं खाली यायला खूपच जास्त वेळ गेला असता. म्हणून घरात साठीच्या पुढचं कुणी असेल किंवा अगदी लहान मूल असेल तर पँगाँग घ्या, आणि शंका असेल तर मुक्काम न करता एका दिवसात परत या, सकाळी लवकर निघालात तर जमतं, दिवस गाडीतच जातो पण झोपायला लेहला येता. त्सो मोरीरीला असं एका दिवसात जाऊन यायच्या भानगडीत पडू नका.

आता रस्ता. लेहहून निघालं की कारूपर्यंत दोन्हीचा रस्ता एकच, टाकी इथेच फुल करा. कारूहून पँगाँगची गाडी शक्तीवरून चांग ला चढते, ती खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, अवकाळी बर्फ पडला की बंद होते, आणि वर फोटोसाठी उतरलात तरी दहा-पंधरा मिनिटांत परत गाडीत बसा. त्सो मोरीरीचा रस्ता सरळ उपशीला जातो आणि मग सिंधू नदीच्या कडेकडेने चुमाथांग, माहे असा, लांबचा आहे पण अंगावर येणारा चढ अगदी शेवटी. चुमाथांगला नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे थांबून जेवा.

तब्येतीचं जमत असेल तर मग आवडीचं बघा. पँगाँग प्रचंड आहे, सुमारे १३४ किलोमीटर लांब, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे आणि बाकी चीनच्या ताब्यातल्या तिबेटमध्ये. लुकुंग आणि स्पांगमिकला हॉटेलं, तंबू, गर्दी सगळं आहे, शांतता हवी तर तसंच पुढे मान किंवा मेराकला जाऊन गावातल्या होमस्टेत राहा. रंग बघायचा असेल तर ऊन चांगलं वर आल्यावर बघा, दुपारनंतर वारा सुटतो.

त्सो मोरीरी पूर्ण भारतात आहे आणि २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, त्यामुळे काठावर तंबू ठोकायचे नाहीत, गाडी पाण्यापर्यंत न्यायची नाही, मुक्काम कोरझोक गावात. इथे बघायचे ते पक्षी आणि चांगपा या इथल्या भटक्या पशुपालक लोकांच्या पश्मिना शेळ्यांचे कळप. हिवाळ्यात आपल्या उजनीला, जायकवाडीला जे पट्टकदंब हंस येतात ना, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, ते उन्हाळ्यात अशा तलावांकाठी अंडी घालतात. कोरझोकच्या खालच्या ओल्या गवतात सकाळी सहा वाजता मी आठ पिल्लं एका रांगेत आईमागे पाण्यात शिरताना पाहिली, तासभर हललेच नाही. पक्ष्यांची आवड असेल तर डोळे झाकून त्सो मोरीरी, फक्त दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा.

महिना जून ते सप्टेंबर. मे महिन्याच्या सुट्टीत जात असाल तर विमानानेच जा, मनालीचा रस्ता तोवर उघडलेला असेलच असं धरून चालू नका, आणि दिवाळीच्या सुट्टीत बरेचसे कॅम्प गुंडाळलेले असतात.

दिवस आठ-नऊ असतील आणि सगळे धडधाकट असतील तर दोन्ही करा, पण आधी पँगाँग आणि मग चुशूल, लोमा, न्योमा, माहे करत त्सो मोरीरी, म्हणजे उंची टप्प्याटप्प्याने वाढते. वाटेत चुशूलजवळ रेझांग ला च्या लढाईचं स्मारक लागतं, १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊं बटालियनचे जवान चिनी सैन्याशी शेवटपर्यंत लढले त्याचं, तिथे गाडी थांबवाच. हा सीमेजवळचा पट्टा आहे, तेव्हा रस्ता चालू आहे का आणि कुठले कागद लागतील ते लेहमध्येच विचारून घ्या.

टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस करण्यापेक्षा गाडीत ऑक्सिजन सिलिंडर आहे ना आणि तो भरलेला आहे ना ते स्वतः बघा. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड हवं. रोख पैसे लेहमधूनच काढा. आणि रात्री कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, ड्रायव्हरला उठवा आणि खाली उतरा.