पत्र्याच्या शेडला स्प्रे फोम: थंड प्रदेशात हमखास होणाऱ्या चुका

ऐन थंडीत पत्र्याच्या शेडचं छत ठिबकायला लागलं की पहिला संशय गळतीवर जातो. स्क्रू आवळले जातात, सांध्यांवर सिलिकॉन फासलं जातं, आणि बाहेर लख्ख कोरडं असतानाही ठिबकणं काही थांबत नाही. कारण पाणी बाहेरून येतच नसतं. आतल्या हवेतली वाफ गार पत्र्याला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. आत २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ९ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर उणे १५ असताना उघडा पत्रा त्याहून कितीतरी गार असतो.

म्हणून थंड प्रदेशात स्प्रे फोमचं, म्हणजे दोन द्रव मिसळून पत्र्यावर फवारल्यावर फुगून बसणाऱ्या फोमचं, काम फक्त ऊब धरण्याचं नाही. आतली हवा पत्र्यापर्यंत पोचूच नये, हे त्याचं पहिलं काम. त्यासाठी फोम पत्र्याला सलग चिकटलेला हवा, मध्ये पोकळी नको. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच एका गोष्टीत सापडेल.

ओपन सेल फोम थेट पत्र्यावर मारणं

ओपन सेल, म्हणजे उघड्या कप्प्यांचा मऊ फोम, स्वस्त पडतो, भराभर फुगतो, जाडी लगेच दिसते. पण त्याची घनता घनमीटरला साधारण ८ किलो आणि त्यातून वाफ आरपार जाते. फोमच्या आड पत्रा ओला राहतो आणि गंज अशा जागी धरतो जिथे कोणाची नजर जात नाही. कडक थंडीत पत्र्याला लागून क्लोज्ड सेल, म्हणजे बंद कप्प्यांचा कडक फोमच हवा. त्याची घनता ३२ किलोच्या आसपास असते आणि सुमारे ५० मिमी जाडीला तो स्वतःच वाफरोधकाचं काम करतो.

खर्च वाचवायला काहीजण क्लोज्ड सेलचा पातळ हात मारून आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा लोकरीसारखा थर) भरतात. ही पद्धत चुकीची नाही, फक्त आधी हिशेब करायला हवा. फोमची आतली बाजू दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, उबदार राहिली पाहिजे. बाहेर उणे २०, आत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली, तर एकूण इन्सुलेशनचा जवळपास पाऊण भाग एकट्या फोमचा असावा लागतो. आर्द्रता ३० टक्क्यांवर ठेवता येत असेल, तर निम्म्याहून थोडा जास्त पुरतो. १२ मिमी फोमवर १५० मिमी ग्लासवूल घातलं, तर पत्र्यावर धरणारं पाणी आता फोमवर धरेल आणि ग्लासवूल भिजेल.

पत्रा न पुसता फवारणी

नवा पत्रा स्वच्छ दिसतो म्हणून कोणी पुसत नाही. कारखान्यातून येताना त्याच्यावर तेलाचा बारीक थर असतो. पांढऱ्या फडक्याने हातभर जागा जोरात पुसा आणि फडक्याकडे बघा, म्हणजे काय ते कळेल. तेल डीग्रीजरने काढा, सुटा गंज खरवडा, धूळ झाडा. सकाळी पत्र्यावर दव किंवा हिमकण असतील, तर ते पूर्ण जाईपर्यंत थांबा. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा. जुन्या शेडमध्ये व्हायनिलचं अस्तर असलेला ग्लासवूलचा गालिचा असतो. त्याच्यावरच फोम मारला, तर फोम अस्तराला धरतो आणि पत्र्यामागची पोकळी तशीच राहते. तो गालिचा आधी काढायचा.

काम सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात चाचणीचा पट्टा मारा. थंड झाल्यावर सुरीने चौकोन कापून तो ओढून काढा. फोम मधूनच तुटला आणि पत्र्यावर त्याचा थर राहिला, तर पकड चांगली आहे. पूर्ण तुकडा सोलल्यासारखा सुटून आला आणि मागे गुळगुळीत चकचकीत साल दिसली, तर त्या दिवशी मशीन बंद ठेवलेलं बरं.

गार पत्रा, आणि तो तापवायचा चुकीचा मार्ग

दोन द्रव एकत्र आले की रासायनिक क्रियेतून उष्णता निघते आणि त्याच उष्णतेवर फोम फुगतो. गार पत्रा ती उष्णता शोषून घेतो. अगदी पातळ हात मारला, तर तो नीट न फुगताच कडक, ठिसूळ सालीसारखा बसतो. थंडीसाठीचं वेगळं मिश्रण मिळतं, ते घ्या आणि त्याच्या माहितीपत्रकात पत्र्याचं किमान तापमान दिलेलं असतं, ते पाळा. हवेचं तापमान बघून चालत नाही, मोजायचा तो पत्रा. ड्रमही रात्रभर गारठ्यात ठेवू नका. गार रसायन घट्ट होतं, पंपाला नीट ओढलं जात नाही आणि प्रमाण बिघडतं.

शेड तापवायला धूर आतच सोडणारा गॅस हीटर लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. १ किलो प्रोपेन जळालं की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि ती वाफ ज्या पत्र्यावर फवारायचं त्याच पत्र्यावर जाऊन बसते. जळालेला वायू बाहेर सोडणारा हीटरच लावा.

उलटी घाईही नडते. एकाच हातात १०० मिमी मारला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. फोम आतून करपतो, चिरतो, क्वचित पेटही घेतो. क्लोज्ड सेलसाठी एका वेळी साधारण ५० मिमी ही वरची मर्यादा धरा आणि आधीचा थर थंड झाल्यावरच पुढचा मारा. जाड थराने आणखी एक गोष्ट होते: फोम आवळताना पातळ पत्र्याला आत ओढतो आणि बाहेरून भिंतीवर पोचे, लाटा दिसतात. हे नंतर सुधारत नाही. आधी कडेकडेने चौकटीसारखा पट्टा मारून मग मधली जागा पातळ थरांनी भरली, तर हा त्रास बराच कमी होतो.

पर्लिन उघडे सोडणं

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. दोन पर्लिनच्या, म्हणजे छताचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पोलादी पट्ट्यांच्या, मधली जागा झकास भरलेली, आणि पर्लिनची कड तशीच उघडी. पोलाद फोमच्या सुमारे २,००० पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे थंडी पर्लिनमधून सरळ आत येते आणि त्याच रेषेत पाणी ठिबकतं. पर्लिन, गर्ट (भिंतीतल्या तशाच आडव्या पट्ट्या) आणि जमल्यास मुख्य सांगाड्याची बाहेरची बाजूही फोमने झाका. आढ्याजवळच्या आणि वळचणीच्या पत्र्याची पन्हळ (उंचसखल घडी), दारांच्या चौकटी, भिंत आणि काँक्रीट जिथे भेटतात तो सांधा, या जागी शेवटी घाईत हात फिरवला जातो. थंडीत पहिलं हिम तिथेच दिसतं.

छत आधीच गळत असेल, तर कडक झालेले स्क्रूचे वॉशर बदलून मगच फोम मारा. नंतर पाणी नेमकं कुठे मुरतं हे शोधणं फार अवघड. सरकत्या क्लिपांवर बसवलेला पत्रा असेल, तर आधी पत्रा बनवणाऱ्याला विचारा. १० मीटरचा पोलादी पत्रा ६० अंशांच्या फरकात सुमारे ७ मिमी लांबतो, फोमने तो जखडता कामा नये.

झालेल्या कामात दोष कसा ओळखायचा

बोटाने दाबल्यावर फोमचा भुगा होत असेल, तर बहुधा आयसोसायनेट (फोमच्या दोन द्रवांपैकी एक) जास्त गेलं. मऊ, चिकट राहिला किंवा काही दिवसांनीही उग्र वास येत असेल, तर दुसरा द्रव जास्त गेलेला असू शकतो. दोन्ही बाबतीत वरून नवा थर मारून भागत नाही. खराब भाग पत्र्यापर्यंत कापून काढावा लागतो. टोकदार तारेवर खूण करून जाडी ठिकठिकाणी तपासा, विशेषतः पन्हळीच्या उंच भागात.

फवारणाऱ्याने बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालायलाच हवा, कारण आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. इतरांनी माहितीपत्रकातला वेळ, बहुतेकदा २४ तास, आत जाऊ नये. फोम जळतो, त्यामुळे माणसांचा वावर असेल तिथे त्यावर जिप्सम बोर्ड किंवा मान्यताप्राप्त अग्निरोधक लेप लागतो.

सगळं नीट होऊनही खिडक्यांवर पाणी धरत असेल, तर फोमला दोष देऊ नका. शेड आता हवाबंद झाली आहे, आधी फटींतून निघून जाणारी वाफ आत साठते. आर्द्रता मापक टांगा, आकडा ४० टक्क्यांच्या वर राहत असेल तर एक्झॉस्ट फॅन किंवा उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेटर बसवा, आणि ओलं लाकूड किंवा बर्फाने माखलेल्या गाड्या आत उभ्या राहतात का, तेही बघा.