तीस हजारांच्या आत गेमिंग आणि ओटीटीसाठी ४३ इंची टीव्ही घेताना काय बघायचं

२०२५ च्या दिवाळीत आम्ही घरचा जुना ३२ इंची टीव्ही काढून ४३ इंची घेतला, त्याआधी महिनाभर दुकानं पालथी घातली, आणि तेव्हापासून नात्यातलं नाहीतर ऑफिसातलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की बजेट तीस हजार आहे, पोराकडे पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आहे, बाकी नेटफ्लिक्स, यूट्यूब आणि आईच्या मालिका, तर कुठला घेऊ? मॉडेलचं नाव सांगून फारसा उपयोग होत नाही कारण वर्षभरात ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं, म्हणून बघायचं काय ते सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, पैसे पॅनेलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर खर्च करा. आतली स्मार्ट सिस्टीम तीन वर्षांनी अडकायला लागली तर चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक (अ‍ॅप चालवणारं छोटं उपकरण) मागे लावली की काम भागतं, पण पॅनेल एकदा घरी आलं की तेच शेवटपर्यंत, आणि ते बिघडलं किंवा फुटलं तर नव्या पॅनेलचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा येतो. त्यामुळे दुकानात सेल्समन व्हॉइस रिमोट आणि अ‍ॅप दाखवायला लागला की ऐकून घ्या, पण नजर पडद्यावर ठेवा.

साइजचं पटकन उरकतो. ४३ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १०९ सेंटीमीटर आणि रुंदी ९५ च्या आसपास. पाच-सहा फुटांवरून बघणार असाल तर एकदम बरोबर, सोफा नऊ-दहा फूट लांब असेल तर ५० चा विचार करा. भिंतीवर लावणार नसाल तर शोकेसची रुंदी आधी मोजा, कारण हल्ली बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात आणि तीन फुटी शोकेसवर ते बसत नाहीत, आमच्या शेजाऱ्यांना त्यासाठी नवीन टेबल करून घ्यावं लागलं. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे तोच टीव्ही साधारण आठ टक्क्यांनी स्वस्त मिळायला हवा, तेव्हा कोणी जुनी किंमत दाखवून वर "डिस्काउंट" सांगत असेल तर नीट हिशोब करा.

रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर ठिपके किती, ते ४के च घ्या. ४३ मध्ये फुल एचडी अजून मिळतात पण फरक दोन-तीन हजारांचा असतो, आणि पाच फुटांवरून गेममधली बारीक अक्षरं वाचताना तो फरक वसूल होतो.

आता १२० हर्ट्झची भानगड, हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र (फ्रेम) बदलतो तो आकडा, त्यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. आमच्या भावाने ऑनलाइन एक टीव्ही मागवला, जाहिरातीत मोठ्या अक्षरात १२० लिहिलेलं, घरी आल्यावर पीएस५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत बघितलं तर ६० हर्ट्झच. फोन केला तर उत्तर मिळालं की तो मोशन रेट आहे, रिफ्रेश रेट नाही. म्हणजे टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच एक फ्रेम बनवून घुसवतो, आणि त्याने गेम खेळताना फायदा तर नाहीच, उलट उशीर वाढतो. स्पेसिफिकेशनमध्ये "नेटिव्ह रिफ्रेश रेट" शोधा, बाकी सगळे आकडे सोडून द्या. या बजेटमध्ये तो बहुतेक ६० च असेल आणि त्यात वाईट काही नाही, पीएस५ चे बहुतेक गेम ३० किंवा ६० फ्रेमवरच चालतात, पीएस४ तर ६० च्या पुढे जातच नाही. ४के मध्ये १२० हर्ट्झ पाहिजे असेल तर पूर्ण वेगाचा एचडीएमआय २.१ पोर्ट (पीएस५ ची केबल जोडायची जागा) आणि १२० चं पॅनेल दोन्ही लागतं, आणि ४३ च्या साइजमध्ये असे टीव्ही मोजकेच आणि महाग आहेत. नुसता "एचडीएमआय २.१" लिहिलेला स्टिकर बघून पैसे वाढवू नका, २.१ मधली एखाद-दुसरी सोय दिली तरी तो आकडा लावता येतो.

गेमिंगसाठी खरी बघायची गोष्ट म्हणजे इनपुट लॅग, बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि टीव्ही चित्र सजवत बसला तर शंभरच्या वर मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे सहा फ्रेम गेल्या, फुटबॉलमध्ये पास दिला तोपर्यंत समोरचा बॉल घेऊन पळालेला असतो. हा आकडा बॉक्सवर कुठेच नसतो पण घरच्या घरी मोजता येतो. मी लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल बॅगेत घेऊनच दुकानात गेलो, लॅपटॉप टीव्हीला जोडून डिस्प्ले डुप्लिकेट केला, ब्राउझरमध्ये मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावलं आणि दोन्ही स्क्रीन एका फ्रेममध्ये येतील असा मोबाइलने फोटो काढला. लॅपटॉपवर १२.४०५ आणि टीव्हीवर १२.२९०, म्हणजे टीव्ही ११५ मिलिसेकंद मागे. मग सेल्समनला म्हटलं, दादा जरा पिक्चर मोड गेमवर करा, परत फोटो काढले, आता फरक तिशीच्या आसपास. त्याच रांगेतल्या दुसऱ्या टीव्हीवर गेम मोड लावूनही फरक सत्तरच्या खाली येईना, आणि तो दोन हजारांनी महाग होता! एका फोटोवर विसंबू नका, पाच-सहा काढून अंदाज घ्या कारण दोन्ही स्क्रीनचं स्वतःचं रिफ्रेश मध्ये येतं, शिवाय हा आकडा लॅपटॉपच्या स्क्रीनच्या तुलनेतला आहे, पण दोन टीव्हींमध्ये निवड करायला एवढं पुरतं. एएलएलएम (ऑटो लो लेटन्सी मोड) असेल तर उत्तम, पीएस५ सुरू केला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो, नाहीतर दर वेळी हाताने बदलायला लागतं आणि घरातली बाकी माणसं वैतागतात.

पॅनेलमध्ये दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. व्हीए मध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट-चौपट असतो, रात्री दिवे बंद करून वेबसिरीज बघणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण बाजूने बघितलं की त्यातले रंग फिके पडतात. आमची आई खिडकीजवळच्या दिवाणावर अगदी तिरकी बसते, त्यामुळे आम्ही शेवटी आयपीएस घेतला आणि मला तो निर्णय अजूनही बरोबर वाटतो, कारण दिवसातले सगळ्यात जास्त तास टीव्ही तीच बघते. दुकानात समोर उभं राहून ठरवू नका, दोन पावलं बाजूला जा, खाली वाका, आणि डेमो व्हिडिओ बंद करायला सांगून पेनड्राइव्हवरून एक सपाट राखाडी फोटो लावा, कडेला डाग किंवा उभे पट्टे असतील तर लगेच दिसतात. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर तेच पट्टे नंतर त्रास देतात.

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवणारं चित्र, पण त्याच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. त्यासाठी पडद्याला भरपूर उजेड लागतो आणि या किमतीतले टीव्ही बहुतेक अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) आसपास असतात, तेव्हा डॉल्बी व्हिजनचा (एचडीआरचाच एक प्रकार) लोगो असला तरी चित्र कधीकधी उलट अंधारं दिसतं. तसं वाटलं तर पीएस५ मध्ये एचडीआर बिनधास्त बंद करा.

ओटीटीसाठी एकच गोष्ट कटाक्षाने तपासा, टीव्हीला नेटफ्लिक्स आणि प्राइमची अधिकृत मान्यता आणि वाइडवाइन एल१ (सिनेमांची चोरी रोखणाऱ्या सुरक्षेची वरची पातळी) आहे का. एल३ असेल तर पॅनेल ४के असूनही सिनेमे अंधुक एसडीमध्ये, म्हणजे कमी दर्जाच्या चित्रात दिसतात. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्यासाठी ते १५ एमबीपीएसचा स्पीड सुचवतात, म्हणून वायफाय ५ गिगाहर्ट्झचं असलेलं बरं, राउटर जवळ असेल तर सरळ लॅनची वायर लावा. रॅम २ जीबीच्या खाली नको.

घरी आल्यावर, डिलिव्हरीवाला असतानाच बॉक्स उघडायचा व्हिडिओ काढा, कारण पडद्याची तडक वॉरंटीत बसत नाही आणि नंतर कोणी ऐकून घेत नाही. मग ज्या पोर्टला पीएस५ लावलाय त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नल एन्हान्स्ड करा, सॅमसंगमध्ये त्याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीमध्ये डीप कलर, हे बंद राहिलं तर ४के ६० ला एचडीआर नीट चालत नाही. शार्पनेस खाली आणा, मोशनचं सगळं बंद करा, आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर स्क्रीन फिट लावा. आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते, म्हणून टीव्ही आणि पीएस५ दोन्ही एका चांगल्या स्पाइक गार्डवर आहेत, आणि खोका मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवलाय, सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर दुसऱ्या कशात तो टीव्ही नीट मावत नाही.