फिअर अँड हंगर पहिल्यांदा खेळताय? मग आधी हे वाचा

फिअर अँड हंगर हा अंधारकोठडीत घडणारा भयाचा व्हिडिओ गेम, आणि बहुतेक लोक या गेमकडे कॅरेक्टरमुळेच येतात. कुठेतरी यातल्या रॅगनवाल्डर नावाच्या पात्राचं फॅनआर्ट, म्हणजे चाहत्यांनी काढलेलं चित्र दिसतं, दाढीवाला, धिप्पाड, पाठीला धनुष्य, आणि वाटतं वा, असा योद्धा घेऊन राक्षस कापत सुटायचं. तर तसं काही होत नाही. पहिल्या दहा मिनिटात तोच दाढीवाला एक हात गमावून जमिनीवर पडलेला असतो.

आधी एक सांगतो, हा गेम फक्त मोठ्यांसाठी आहे. छळ, लैंगिक हिंसा, सगळं आहे यात. ते नको असेल तर खरंच सोडून द्या, फॅनआर्ट बघूनही मस्त वेळ जातो. फिनलंडच्या मिरो हाव्हेरिनेनने आरपीजी मेकर या साध्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवून 2018 मध्ये हा आणला, त्यामुळे ग्राफिक्स बघून "हे काय घाबरवणार" असं वाटेल. वाटू दे.

चौघांतून एक निवडायचा असतो, भाडोत्री सैनिक काहारा, नाइट डार्स, काळ्या विद्येचा पुजारी एन्की आणि उत्तरेकडचा रॅगनवाल्डर. नवीन असाल तर माझं मत काहारा, कारण सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं नीट दिलीत तर कुलूप उघडायचं आणि लढाईतून पळायचं स्किल मिळतं, आणि इथे पळता येणं हे तलवार चालवण्यापेक्षा मोठं काम आहे. एन्की अंगाने काडीपैलवान, पण मुडदे उठवायची विद्या घेतली तर साथीला फौज उभी राहते, त्यामुळे मुरलेले लोक त्यालाच घेतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मारामारी करून इथे एक्सपिरियन्स, म्हणजे पात्राची ताकद वाढवणारे गुण मिळत नाहीत, लेव्हल वाढतच नाही. मग उगाच कशाला भिडायचं? दिसला शत्रू की वाट बदला. आणि सुरुवातीला अंधारकोठडीच्या दाराबाहेर रेंगाळू नका, कुत्रे येतात.

गार्डशी, म्हणजे हातात सत्तूर घेतलेल्या राक्षसी पहारेकऱ्याशी भिडावंच लागलं तर डोक्यावर वार करायचा मोह आवरा, नेम बसत नाही. आधी सत्तूरवाला हात तोडा, कारण तो हात शाबूत असेपर्यंत तुमचे हातपाय धोक्यात. मग धड, किंवा पाय तोडून त्याला खाली आणा म्हणजे डोकं आवाक्यात येतं. एक हात गेला की दोन हातांनी धरायची हत्यारं बाद, दोन्ही पाय गेले की सरपटत फिरायचं, आणि गेले ते गेले, परत उगवत नाहीत.

रक्त वाहत असेल तर कापडाची चिंधी, जखम चिघळली तर हिरवी वनस्पती. ती नसेल तर हाड कापायची करवत आणि तो अवयव स्वतःच कापायचा, हो, खरंच. मशाल जपून वापरा पण वापरा, अंधारात डोकं फिरायला लागतं. पोटाचंही बघा, नावातच भूक आहे ना.

सेव्ह करायचं तर पलंगावर झोपायचं, त्यालाही छापा-काटा! चुकीची बाजू पडली की झोपेत कोणीतरी येतं. एक पुस्तक सापडतं, त्याने कुठेही सेव्ह होतं, ते फुकट घालवू नका, मोठ्या ठिकाणाच्या आधी ठेवा. पण फार जपून जपून खेळत वेळ काढलात तर इथे कैदेत असलेल्या ज्या कप्तान लगार्डला शोधायला आलात तोच मेलेला सापडतो, पण गेम तिथे संपत नाही, चालू ठेवा.

पिंजऱ्यातली छोटी मुलगी दिसली तर सोडवा, सोबत घेता येते. फॅन लोकांनी तिला आणि या चौघांना एकत्र बसवून जेवताना काढलेली चित्रं का आवडतात ते तेव्हा कळेल, गेममध्ये एवढं सुख कोणाच्याच वाट्याला येत नाही. तुम्ही स्वतः काढलंत तर टाकताना स्पॉयलरचा (गोष्ट आधीच फुटेल असा इशारा) आणि हिंसेचा टॅग लावा, एंडिंग्ज बऱ्याच आहेत आणि नवीन पोरं रोज येतायत.

दुसरा भाग टर्मिना, 2022 चा, बंदुका आणि 1942 सालचं शहर. तो आधी खेळला तरी चालतं, पण जुनी नावं ओळखीची वाटायला पाहिजे असतील तर पहिलाच आधी घ्या.