धरणफुटीच्या नुकसानीचा अंदाज मशीन लर्निंगने कसा बांधावा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पुण्यातील मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि पायथ्याच्या वस्तीतील घरे माणसांसह वाहून गेली. अशा घटना विरळ असल्यामुळे मशीन लर्निंगच्या मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून अंदाज बांधायला शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, शिकवण्याइतकी उदाहरणे कोणत्याही एका प्रदेशात मिळत नाहीत. ही उणीव पावसाळी पुरांच्या नोंदींनी भरून काढू नये. नदीचा पूर बहुधा हळूहळू चढतो आणि घरे भिजवतो, तर धरणफुटीची लाट पहिल्या काही किलोमीटरांत भिंतीच पाडत जाते. त्यामुळे अशा नोंदींवर शिकलेले मॉडेल नेमके धरणालगतच्या वस्त्यांचे नुकसान कमी दाखवते.

म्हणून शिकवण्याची सामग्री जलगतिकीय गणनेतून, म्हणजे पाणी कसे वाहील याच्या संगणकीय हिशेबातून, तयार करावी. प्रथम भगदाडातून येणारा सर्वोच्च विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारे जास्तीत जास्त पाणी, काढावा. धरणफुटीचे अभ्यासक फ्रोलिक यांच्या १९९५ च्या सूत्रानुसार साठ्याच्या घनफळाचा ०.२९५ वा घात आणि भगदाडाच्या तळापासून पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात यांच्या गुणाकाराला ०.६०७ ने गुणतात. २० लाख घनमीटर साठा आणि २० मीटर उंची धरली, तर उत्तर सेकंदाला सुमारे १,८०० घनमीटर येते. त्यांच्याच २००८ च्या सूत्राने हे भगदाड पूर्ण पडण्यास जेमतेम २४ मिनिटे लागतात. ही सूत्रे जुन्या धरणफुटींवरून बसवलेली असल्याने त्यांची उत्तरे अंदाजीच मानावीत आणि साठा, भगदाडाची रुंदी, फुटण्याचा कालावधी व नदीपात्राचा खडबडीतपणा बदलत हेक-रास (HEC-RAS) या नदीप्रवाहाची गणना करणाऱ्या मोफत प्रणालीत शेकडो द्विमितीय (लांबी-रुंदी दोन्ही दिशांनी पाणी पसरवणाऱ्या) गणना चालवाव्यात. खालच्या बाजूस दुसरे धरण असेल, तर ते टिकले आणि तेही फुटले अशा दोन्ही शक्यता घ्याव्यात.

उंचीच्या माहितीवर खर्च करण्यास कचरू नये. मोफत मिळणाऱ्या ३० मीटर जाळीच्या नकाशात कोकणातील अरुंद नदीपात्र एक-दोन चौकोनांत संपते, शिवाय उपग्रहाला झाडांचे शेंडेही जमीन म्हणून दिसतात. निदान धरणाखालच्या पहिल्या टप्प्याचे तरी ड्रोनने सर्वेक्षण करून घ्यावे.

यानंतर प्रत्येक घराच्या जागेसाठी धरणापासून नदीमार्गाने अंतर, पात्रापासूनची उंची, दरीची रुंदी, उतार, साठा आणि सर्वोच्च विसर्ग ही माहिती देऊन रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग या, अनेक निर्णयवृक्षांची (फांद्यांसारख्या प्रश्नोत्तरांच्या मांडणीची) उत्तरे एकत्र करणाऱ्या मॉडेलांकडून पाण्याची खोली, वेग व लाट पोहोचण्याची वेळ शिकवून घ्यावी. मॉडेलच्या परीक्षेसाठी नकाशातील इकडचे-तिकडचे चौकोन न निवडता एक संपूर्ण खोरे बाजूला ठेवावे, कारण शेजारचे चौकोन एकमेकांसारखेच असतात आणि गुण फसवे चांगले येतात. ही निर्णयवृक्षांवर आधारलेली मॉडेले शिकलेल्या मर्यादेपलीकडचे आकडे देत नाहीत. म्हणून गणनांमध्ये सर्वांत वाईट शक्यताही असलीच पाहिजे.

नुकसान ठरवताना केवळ खोलीवर आधारलेले आलेख अपुरे पडतात. विटांच्या आणि दगडी घरांसाठी रूढ असलेल्या निकषानुसार वेग सेकंदाला किमान २ मीटर असताना खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रति सेकंद) यांचा गुणाकार ३ पर्यंत गेला की अंशतः पडझड आणि ७ पर्यंत गेला की पूर्ण नाश धरतात. मातीच्या भिंती याआधीच पडतील असे धरावे. भातखाचरांत साचलेला गोटा-वाळूचा थर, खरवडून गेलेली माती आणि बुजलेल्या विहिरी एका हंगामाच्या पिकाच्या किमतीत मावत नाहीत, म्हणून त्यांची रक्कम वेगळी काढावी. घरांच्या उपग्रह-नकाशात गोठा आणि घर यांत फरक दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदींशी तो ताडून पाहावा.

माणसांची गणना पैशांत करू नये. दिवसा आणि रात्री किती माणसे किती मिनिटांच्या अंतरावर आहेत, याचा स्वतंत्र तक्ता द्यावा, आणि प्रत्येक आकडा एकटा न देता त्याची खालची व वरची मर्यादा लिहावी. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार विनिर्दिष्ट (कायद्याने ठरवलेल्या उंचीच्या व निकषांच्या) धरणांच्या मालकांना आपत्कालीन कृती आराखडा करावा लागतो. या आराखड्याच्या तहसीलदार आणि ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या प्रतीत हा तक्ता मराठीत, वाडीनिहाय असावा, आणि नवी घरे उभी राहिली किंवा गाळामुळे साठा बदलला की गणना पुन्हा करावी.