लिमा ते उयुनी: चार मित्र, चार सॅक आणि चढत जाणारा रस्ता

पेरूच्या राजधानीहून, लिमाहून, कुस्को विमानाने सव्वा-दीड तासावर आहे, म्हणून बरेच गट उतरल्या उतरल्या तेच तिकीट काढतात आणि पुढचे दोन दिवस डोकं धरून खोलीत पडून राहतात. लिमा समुद्रकाठी, तर कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. दर रविवारी सह्याद्रीत चढणाऱ्यालाही हा त्रास होतो, कारण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच लागतो. दमसास कितीही असला तरी तो इथे कामी येत नाही. म्हणून पेरू-बोलिव्हियाची गावं उंचीच्या क्रमाने लावा.

साधारण वीस दिवसांचा हा क्रम जमतो. लिमात दोन दिवस, मग सुमारे सोळा तासांच्या बसने आरेकिपा (२,३३५ मीटर). इथे पूर्ण तीन दिवस द्या. पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं हे शहर तसंही घाईत बघायचं नाही. तिथून रात्रीच्या बसने कुस्को, पण मुक्काम तिथे न करता त्याच दिवशी खोऱ्यात ओयांताय्ताम्बोला (सुमारे २,८०० मीटर) उतरा. माचू पिक्चू त्याहून खाली, २,४३० मीटरवर आहे, त्यामुळे ते आधी उरकून मगच कुस्कोला दोन-तीन दिवस राहा. त्यापुढे पुनो आणि कोपाकबाना टिटिकाका सरोवराकाठी ३,८०० मीटरच्या आसपास, मग ला पाझ आणि शेवटी उयुनी, म्हणजे मिठाचं अफाट पठार.

मे ते ऑक्टोबर कोरडा मोसम. जून-जुलैत उयुनीची रात्र शून्याच्या बरीच खाली जाते.

घरून निघण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे यलो फीवरची लस. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. दाखल्याशिवाय या देशांतून भारतात परतलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. उंचीवरची गोळी (अ‍ॅसिटाझोलामाइड) घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

गट चौघांचा असावा. चार खाटांची खोली पूर्ण आपली होते, एक टॅक्सी पुरते. पाचवा आला की प्रत्येक वेळी दुसरी टॅक्सी. निघण्याआधी एक नियम सगळ्यांनी मान्य करा: कुणाची डोकेदुखी उलटीवर गेली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तो त्याच दिवशी खाली उतरेल आणि एक जण त्याच्यासोबत जाईल. तिकिटाचे पैसे बुडतात म्हणून थांबायचं नाही. वर गेल्यावर हे ठरवायला बसलात की भीड आड येते.

पैशांसाठी कॉन्ट्री काढा. प्रत्येकी २०० सोल (पेरूचं चलन) एका पाकिटात, पाकीट एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे. संपलं की पुन्हा सारखी भर. १०० सोलची नोट बाजारात सुटत नाही, म्हणून एटीएममधून आल्यावर पहिल्याच मोठ्या दुकानात ती मोडा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या; किंचित फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट परत करतात.

लिमात सगळ्या बसचा मिळून एक स्टँड नाही, बऱ्याच कंपन्यांचं आपापलं टर्मिनल असतं, तेव्हा तिकिटावरचा पत्ता वाचूनच टॅक्सी करा. बऱ्याच शहरांत गाडीत चढण्याआधी टर्मिनलचा छोटा कर वेगळा भरावा लागतो, त्यासाठी चिल्लर ठेवा. रात्रीच्या प्रवासाला खालच्या मजल्यावरची ‘कामा’ सीट घ्या, ती जवळपास आडवी होते. मोठी सॅक डिकीत टाकल्यावर मिळणारी चिठ्ठी सांभाळा. पासपोर्टची लहान बॅग वरच्या फळीवर ठेवू नका. पायाशी ठेवून पट्टा पोटरीला गुंडाळा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’ (स्पॅनिशमध्ये ‘मांस नको’) म्हणून भागत नाही. ‘कार्ने’चा अर्थ तिथे अनेकदा गोमांस एवढाच घेतात, त्यामुळे ताटात निर्धास्त कोंबडी येते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) असं पूर्ण म्हणा. दुपारच्या ‘मेनू’मधलं, म्हणजे ठरलेल्या जेवणातलं, सूप बहुधा हाडांवर उकळलेलं असतं. रस्त्यावर मिळणारं ‘चोक्लो कॉन केसो’, म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा, हे पोटभरीचं आणि बिनधोक.

पुनोहून कोपाकबानाला जाताना कासानीच्या नाक्यावर उतरून आधी पेरूचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग चालत पलीकडे जाऊन बोलिव्हियाचा आत आल्याचा, असे दोन्ही घ्या. घड्याळ एक तास पुढे करा. दोन्ही देशांचे व्हिसाचे ताजे नियम मात्र घरूनच दूतावासाकडून पक्के केलेले असू द्या.

कोपाकबानाहून ला पाझच्या वाटेवर तिकिना येतं. इथे सगळ्यांना खाली उतरवतात. रिकामी बस लाकडी फळ्यांच्या सपाट तराफ्यावर चढते आणि लाटांवर डुलत पलीकडे जाते. माणसं वेगळ्या लहान होडीतून. होडीचं तिकीट वेगळं, चिल्लरचं. पासपोर्ट आणि फोन अंगावरच ठेवा आणि उतरण्याआधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, कारण पलीकडे सारख्या दिसणाऱ्या चार-पाच गाड्या उभ्या असतात.

ला पाझमध्ये चढ जीव काढतात. तिथे २०१४पासून केबल कार हीसुद्धा शहराची नेहमीची वाहतूक आहे. चालण्याचा हट्ट सोडा आणि लाल मार्गाने एल आल्तोला (सुमारे ४,१०० मीटर) जाऊन या.

उयुनीची तीन दिवसांची जीप सहसा सहा प्रवाशांची असते, म्हणजे तुम्ही चौघे आणि अनोळखी दोघे. पैसे देण्याआधी टायर, स्टेपनी, सीटबेल्ट आणि ऑक्सिजनचा सिलिंडर डोळ्यांनी पाहा, आणि मुक्काम किती उंचीवर आहे ते विचारा. वाटेतले जमिनीतून उसळणारे वाफेचे फवारे ४,८०० मीटरच्या पुढे आहेत. मिठावर ऊन खालून वर येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, कायदेशीर आहे आणि उंचीवर बराही वाटतो. भारतात मात्र कोकाचं पानही अमली पदार्थांत मोडतं. परतीच्या आदल्या रात्री चौघांनीही सॅकचे सगळे खिसे उलटे करा, विसरलेली एखादी टी-बॅगसुद्धा राहू देऊ नका.