बारावीच्या पोट्ट्यांचे फिजिक्सचे डाऊट गावात बसून कसे सोडवायचे

मी मास्तर नाही हे आधीच सांगून टाकतो. बीएस्सी केली, दोन-तीन वर्षं भरतीच्या मागं फिरलो, मग घरची कपाशी अन् तूर पाहायला लागलो, अन् एक दिवस शेजारचा पोट्टा वही घेऊन आला की दादा हे गणित नाही सुटून राहिलं, तेव्हापासून संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार-पाच जण असतातच. तुमच्याही गावात असं कोणी सायन्स शिकलेलं असेल, घरी लहान बहीण नाही तर पुतण्या अकरावी-बारावीत असेल, अन् तुम्हाला वाटत असेल की आपण तर सगळं विसरून गेलो आता काय डोंबल सांगणार, तर हे तुमच्यासाठी.

पहिलं काम म्हणजे उत्तर सांगायचं नाही. पोट्ट्याला प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा अन् मग विचारा, बावा याचं मराठीत सांग काय म्हणून राहिला हा. इथंच निम्मे डाऊट सुटतात, खोटं नाही. आपले बहुतेक पोट्टे दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकलेले, अन् अकरावी सायन्सला गेलं की एकदम सगळं इंग्लिश. दहावीत त्याला त्वरण येत होतं, संवेग येत होता, विभवांतर पाठ होतं, अन् आता त्याच गोष्टी ॲक्सिलरेशन, मोमेंटम, पोटेन्शियल डिफरन्स बनून आल्या तर त्याला वाटते हे सगळं नवीनच आहे. एका पोट्टीनं मला पुलीचं गणित दाखवलं, त्यात 'लाइट स्ट्रिंग' लिहिलं होतं, तर म्हणे दादा ही लाइटची वायर असते का. हसू नका, हसलात की ती परत विचारणार नाही. तिला एवढंच पाहिजे होतं की लाइट म्हणजे हलकी, दोरीचं वजन धरायचं नाही. तसंच 'फ्रॉम रेस्ट' दिसलं की सुरुवातीचा वेग शून्य, 'स्मूथ सरफेस' म्हणजे घर्षण नाही, 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हणजे वेग बदलत नाही म्हणून एकूण बल शून्य. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला लावा, एका बाजूला इंग्लिश, एका बाजूला दहावीचा मराठी शब्द, चाल म्हणजे स्पीड अन् वेग म्हणजे व्हेलॉसिटी हे तर पहिल्या ओळीतच, कारण आपण बोलताना दोन्हीला स्पीडच म्हणतो.

दुसरं, चित्र. बलांचं प्रकरण आलं की चित्राशिवाय एक अक्षर लिहू देऊ नका. हा डाऊट तुमच्याकडे येणारच म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोट्टा आला, म्हणे "दादा, बैल गाडीले जेवढं ओढते तेवढंच गाडी बैलाले मागं ओढते, न्यूटनचा तिसरा नियम, मंग गाडी चालते काऊन?" प्रश्न एक नंबर आहे, मला बीएस्सीत कोणी विचारला असता तर मीही गडबडलो असतो. मी म्हटलं दोन कागद घे, एकावर फक्त बैल काढ, दुसऱ्यावर फक्त गाडी, अन् ज्या कागदावर जे आहे त्याच्यावरच कोण जोर लावते ते बाणानं दाखव.

"बैलावर कोण कोण?"
"जू मागं ओढते."
"अजून?"
"वजन खाली."
"अजून?"
गप्प. मग मी विचारलं, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसली की बैलाचं काय होते?
"पाय घसरते त्याचे."
"मंग?"
दोन मिनिटं डोकं खाजवलं अन् म्हणे, "म्हणजे बैल जमिनीले मागं लोटते अन् जमीन बैलाले पुढं ढकलते का?"

झालं. जमिनीचा धक्का जुवाच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल पुढं, अन् गाडीच्या कागदावर बैलाची ओढ चाकाच्या विरोधापेक्षा जास्त झाली की गाडी पुढं. जी जोडी सारखी अन् उलटी आहे ती दोन वेगवेगळ्या कागदांवर आहे, म्हणून ती एकमेकीला खात नाही. हे मी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं असतं तर त्यानं मान हलवली असती अन् घरी जाऊन परत तिथंच अडकला असता.

उदाहरणं शेतातलीच घ्या. पुस्तकात आहेत ती चांगलीच आहेत पण पोट्ट्याच्या बापाची विहीर त्याच्या जास्त ओळखीची आहे. वातावरणाचा दाब शिकवताना मी विचारतो, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरची मोनोब्लॉक मोटर पाणी काऊन सोडते? सगळे म्हणतात मोटर कमी पडते. खरं म्हणजे मोटर पाणी वर खेचतच नाही, ती पाइपातला दाब कमी करते अन् विहिरीतल्या पाण्यावर जो हवेचा दाब आहे तो पाण्याला वर चढवतो. तो दाब सुमारे 1.01 लाख पास्कल, त्याला पाण्याची घनता 1000 अन् जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, 9.8 नं भागा, 10.3 मीटर येते, म्हणजे 34 फुटांच्या आसपास. त्याच्यावर जगातली कोणतीच मोटर ओढू शकत नाही, अन् पाइपातलं घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात सात-आठ मीटरच पकडा. "पाच एचपीची बसवली तं?" असं कोणीतरी विचारतेच. तरी नाही. म्हणून तर वैशाखात मोटर दोरानं विहिरीत खाली उतरवतात, अन् सबमर्सिबल पाण्यातच बसून खालून ढकलते म्हणून तिला ही अडचण नाही. एका पोट्ट्याचा बाप बाजूला बसून ऐकत होता, तो म्हणे हे मले वीस वर्षांपासून माहीत आहे, काऊन ते आज समजलं.

पॉवरचं गणित पण तिथंच करून घ्या. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, तीनची मोटर म्हणजे 2238. समजा पाणी 15 मीटर उचलायचं आहे, तर एका लिटरला 147 ज्यूल. रात्रीची लाइन असली की पोट्टा तसाही जागलीला जातो, त्याला सांगा 200 लिटरचा ड्रम किती सेकंदात भरते ते मोबाइलवर मोज. 25 सेकंद आले तर सेकंदाला 8 लिटर, म्हणजे 1176 वॅटचं काम, म्हणजे निम्म्याच्या थोडं वर. एफिशियन्सी हा शब्द परत सांगावा लागत नाही.

आता माझी फजिती. निंबाच्या फांदीला एक मीटर दोरी बांधून दगड लटकवला, पेंड्युलमवरून जी काढायचा होता. एक मीटरला एक झोका दोन सेकंदांचा, वीस झोके चाळीस सेकंदांच्या जवळपास यायला पाहिजेत, आमचे आले एक्केचाळीस. हिशोब केला तर जी 9.4. पोट्टे म्हणे दादा आपल्या गावात पृथ्वी कमी ओढते का. मी आधी स्टॉपवॉचवर ढकललं, मग हवेवर ढकललं, अन् रात्री झोपताना आठवलं की दोरी मी गाठीपर्यंत मोजली होती, लांबी तर दगडाच्या मध्यापर्यंत धरायची असते, अन् दगड चांगला नारळाएवढा होता. दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं की माझं चुकलं. त्या दिवसापासून पोट्टे जास्त प्रश्न विचारायला लागले, अन् मला येत नसलं की मी पण आता उद्या पाहून सांगतो म्हणतो. फक्त मग उद्या खरंच सांगायचं, विसरायचं नाही.

परीक्षेचं थोडक्यात. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालते, अन् अर्ध्या पोट्ट्यांना ते पाहता येत नाही, फेब्रुवारीत घाबरतात. दिवाळीच्या आतच शिकवा. डेरिव्हेशन पाठ करत असतील तर करू द्या, पण प्रत्येक ओळीनंतर ही ओळ कुठून आली ते विचारा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, नीटला चुकलं की एक मार्क जातो म्हणून तिथं तुक्का सांभाळून. एकाच घरात दोन पोट्टे दोन परीक्षांचे असले की हे उलटसुलट होते, म्हणून बोललो.

मोबाइलचं काय करायचं? गणिताचा फोटो काढला की आता दोन सेकंदात उत्तर येते, ते बंद करा म्हणून कोणी बंद करणार नाही. माझा नियम असा, उत्तर पाहा, मग फोन पालथा ठेवा अन् तेच गणित बाजूच्याला मराठीत समजावून सांगा. सांगताना अडकला की परत फोन. त्या उत्तरांमध्ये मायनसचं चिन्ह अन् एककं कधी कधी चुकलेली असतात, ती पकडायला लावा, पोट्ट्यांना मोठ्यांची चूक पकडायला लय मजा येते. पुस्तक नसलं तर बालभारतीच्या साइटवर अकरावी-बारावीचे पीडीएफ फुकट आहेत. अन् फेट नावाचं कोलोरॅडो विद्यापीठाचं फुकट सिम्युलेशन आहे, सर्किट जोडायचं, पेंड्युलम हलवायचं सगळं स्क्रीनवर, काही मराठीतही आहेत. आमच्याकडे रेंज टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो की डाउनलोड करून आणतो, नंतर नेटशिवाय चालते.

सध्या ओट्यावर कूलरचं भांडण चालू आहे. कूलरनं तासाला दहा लिटर पाण्याची वाफ करून उडवली तर दर सेकंदाला किती उष्णता ओढली, असं मी विचारून ठेवलं, अन् एका पोट्टीनं एका लिटरची वाफ व्हायला 2260 किलोज्यूल धरून 6278 वॅट काढले, बरोबर आहे. पण मग ती म्हणे एवढं आहे तर पावसाळ्यात कूलरसमोर बसलं की घाम काऊन येते. दमट हवेत पाणी उडत नाही एवढं तिला कळलं, आता किती दमट असली की कूलर बंद करावा याचा आकडा तिला पाहिजे आहे, अन् तो मला उद्या संध्याकाळपर्यंत काढायचा आहे.